पहिलं नाव

आमच्या प्रयोगशाळेतल्या ताई सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींना दटावतात, "पुरे आता, शांत व्हा." शरीराचं रक्षण करणाऱ्या याच पेशी सांध्यांची सूज कशी वाढवतात, हे त्यांनीच शोधलं. त्यावरचा पेपर छापून आला तेव्हा मुख्य संशोधक म्हणून पहिलं नाव आमच्या प्रमुख सरांच्या भाच्याचं होतं. "बेन, टीममध्ये माझं-तुझं नसतं," सर गुजराती ढंगात ताईंना म्हणाले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली, पण मी मान खाली घालून काचपट्ट्या पुसत राहिले.

ज्याचं नाव पहिलं, त्याने सगळ्यांना लीलो चिवडा, म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा, द्यायचा, ही आमची पद्धत. दुसऱ्या दिवशी मांडवीच्या बाजारातून चिवडा ताईंनीच आणला. भाच्यापुढे डिश धरून म्हणाल्या, "घे रे, माझा पेपर आलाय."

त्याने सरांकडे पाहिलं. सर मोबाइलमध्ये बघत राहिले. कुणीच हात पुढे करेना. मी उठले, मूठभर चिवडा घेतला आणि सरांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अभिनंदन, ताई."