मंदाची डिश आणि माझी एक दांडी

पाहुण्यांना राहायला खोली देणाऱ्या आणि जेवायला वाढणाऱ्या बाईकडे किस्से साठतातच. पाहुणे जातात, चादरी धुऊन होतात, भांडी पालथी पडतात, पण किस्से मागे उरतातच. त्यातून आमच्याकडे नेटची भानगड. कर्जतकडं, कडावच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. इथं पाहुणा गाडीतून उतरला की नदी बघत नाही, डोंगर बघत नाही, फोन वर धरून गोल फिरतो. आधी वाटायचं नवस फेडतोय!

माझं शिक्षण चौथी. पण कुठल्या कंपनीची रेंज आमच्या अंगणात कुठं मिळते ते मला झोपेत विचारा. पेंढ्याच्या उडवीवर दोन दांड्या, गोठ्याजवळ एक, स्वयंपाकघरात शून्य.

पुण्याची एक पोरगी आली होती. रजा टाकलेली नव्हती, म्हणून गोठ्याजवळ खुर्ची टाकून मीटिंगला बसली. मधेच आमची म्हैस हंबरली. फोनमधून साहेब विचारतो, "कोण बोललं?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "सर, इथल्या सीनियर मॅडम आहेत."

साहेब म्हणाला, "ओके, त्यांचं होऊ द्या आधी!"

*

मग मंदाकडे डिश आली.

मंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. माझ्याही खोल्या, तिच्याही खोल्या. फरक एवढाच की तिचा पोरगा मुंबईत नोकरीला आहे आणि माझी पोरगी सासरी नांदतेय. पोरानं तिच्या गच्चीवर ती पांढरी पाटासारखी डिश बसवली. सरळ आभाळातून नेट. टॉवर नको, सिम नको, उडवीवर चढणं नको.

मंदानं काय करावं? हळदीकुंकू घातलं! आळीतल्या सगळ्या बायांना गच्चीवर नेलं आणि त्या डिशला ओवाळलं. मला म्हणते, "ताई, तुमी थोरल्या, पयलं कुंकू तुमी लावा."

 मी वरवर गोड हसले आणि म्हटलं, "कुंकू कशाला गं मंदे, पाळण्यातच घाल. नाव मी सुचवते!"

बाया हसल्या. मंदा पण हसली. तेच मला जास्त लागलं.

*

पुढच्याच शनिवारी तिच्या अंगणात गाड्या लावायला जागा नाही आणि माझ्या अंगणात कोंबड्या मोकळ्या.

मी आमच्या मालकांना म्हटलं, "आपणबी डिश घेऊ."

आमचे मालक टॉवरवाले. डोंगरावर मोबाइल कंपनीनं एक टॉवर उभा करून ठेवलाय, तो कधी चालू होतो याच्याकडे ते पावसाची वाट बघावी तसे बघतात. म्हणाले, "टॉवर चालू झाला का डिश भंगारात जाईल. मोबाइलचं बरं असतं गं. शेतावर ने, बाजारात ने, कर्जतला ने. डिश काय, बसवली तिथंच. जागची हलत नाय."

म्हटलं, "तुमीबी जागचं हलत नाय. ठेवलंच ना मी तुमाला घरात!"

तरीबी जागचे हलले नाहीत. टॉवर तसाच.

*

तिचे पाहुणे राहायला तिच्याकडे, पण भाकरी माझी लागते. हे मात्र लिहून ठेवा. मंदाच्या भाकरीला पदर सुटत नाही, तिच्या पोरालाच विचारा.

एक दाढीवाला पोरगा तिच्याकडे उतरला आणि जेवायला माझ्याकडे आला. बसल्या बसल्या विचारतो, "मावशी, वायफायचा पासवर्ड?"

मी तव्यापाशी होते. म्हटलं, "भाकरी."

त्यानं घातला. लागला नाही. परत विचारतो, "मावशी, पहिलं अक्षर मोठं का छोटं?"

म्हटलं, "तव्याएवढं मोठं! गार व्हायच्या आधी खा."

*

मे महिन्यात मंदा धावत माझ्या दारात. "ताई, आभाळ निरभ्र हाय आन नेट बंद! पाहुणा वरडतोय, त्याचा इंटरव्ह्यू हाय."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पण गेले तिच्याबरोबर. तिनं कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस सभ्य होता. "मॅडम, डिशवर कशाची सावली आहे का? झाडाची फांदी?"

"नाय."

"एखादं घरटं, पक्षी?"

"नाय ओ, काय पन नाय. सगळा मोकळा हाय."

"नक्की ना मॅडम? डिशच्या वर काहीच नाही?"

"सांगतेय ना, काय नाय! नुसती सांडगी मिरच्यांची ताटं हायत!"

 पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम... ताटं स्टीलची आहेत का?"

मंदा मला हळूच म्हणते, "ताई, त्याला कसं दिसलं ओ?"

ताटं मीच उतरवून आणली. मिरच्या काय छान वाळल्या होत्या! खालून डिशची ऊब, वरून ऊन. डिशचा हासुद्धा फायदा तिलाच.

*

पावसाळ्यात एकदा वादळानं खांब आडवे झाले आणि गावाची वीज गेली. डिश आभाळाकडे तोंड करून मेलेली. नव्या मोबाइलांचं मोठं नेटही गेलं. राहिली फक्त माझ्या जुन्या बटणाच्या फोनची एक दांडी, गोठ्याजवळची.

मंदाचे सगळे पाहुणे माझ्या गोठ्यासमोर. कोणाला आईला फोन करायचाय, कोणाला साहेबाला. मी दाराशी उभी राहिले. "एकेक जण. शेणात पाय देऊ नका. आन म्हशीकडं डोळे वटारून बघू नका, रेंज तिची हाय!"

मंदालाही पोराला फोन करायचा होता. ती पुढं घुसायला लागली. म्हटलं, "मंदे, लाइन हाय."

उभी राहिली बिचारी, म्हशीच्या शेपटीच्या टप्प्यात.

*

पण वीज येते हो परत.

ठाण्याच्या ताई म्हणजे माझे सगळ्यात जुने पाहुणे. त्यांची पोरं माझ्या अंगणात रांगायला शिकली. दरवर्षी दिवाळीला येतात. त्यांचा फोन आला. "मावशी, यंदा आठवडाभर येतो, सगळेच. पण दोघांना तिथून काम करायचंय. नेट आहे ना आता? नसलं तर... शेजारी उतरू का? जेवायला तुमच्याकडेच हं!"

जेवायला माझ्याकडेच! मला काय खानावळ समजले? ही माणसं मंदाच्या खोलीत झोपणार म्हटल्यावर मी चहाचा कप ओट्यावर आपटला. "कळवते," म्हटलं.

मालक म्हणाले टॉवर. मी म्हटलं डिश. त्यात भिंतीपलीकडून मंदा म्हणाली, "ताई, भिंतीला बारीक भोक पाडू. माझ्यातलीच वायर टाका तुमच्याकडं. ठाण्यावाले तुमचेच हायत."

मी म्हटलं, "भिंत पडली तरी चालंल, पन तुझी वायर नाय!"

*

तेवढ्यात पितृपक्षात मामंजींची तिथी आली. थोरलं घर म्हणून पान माझ्याकडं. दोन्ही भाऊ, आम्ही दोघी जावा. वडे, खीर, अळूची भाजी, सगळं पानात वाढून आमच्या गच्चीवर ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय आमच्यात कोणी घास घेत नाही.

कावळा आला. आला तो मंदाच्या डिशवर बसला. पानाकडे बघतोय, उतरत नाही.

आता मामंजींचं मन कशात अडकलंय ते ओळखून बोलायला हवं. आमचे मालक हात जोडून म्हणाले, "बाबा, टॉवर चालू होईल, काळजी नको." कावळ्यानं पाठ फिरवली.

भाऊजी म्हणाले, "बाबा, आमी भाऊ एकीनं राहू." कावळा पंख साफ करायला लागला.

मंदा पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "मामंजी, ताईंना नेटची वायर देईन, कधी बोलून दाखवणार नाय."

कावळ्यानं मान वाकडी केली आणि माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडं बघितलं. वडे गार होत होते.

मी म्हटलं, "घेईन, मामंजी. वायर घेईन."

तो डिशच्या काठापर्यंत आला. थांबला.

"आन मंदाला नावं ठेवणार नाय."

हलेना.

"अवो मामंजी, कायमचं कसं जमंल? दिवाळीपर्यंत!"

कावळा सरळ खाली उतरला, सगळ्यात मोठा वडा उचलला आणि परत जाऊन तिच्याच डिशवर बसून खाल्ला.