आईची चूल बंद करू तरी कशी?

मंडळी, दुपारपासून काहीच सुचत नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारते.

उरणजवळच्या गावात माझी आई एकटी राहते. तिला दमा आहे. डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितला, म्हणून मी तिला इंडक्शन शेगडी घेऊन दिली.

आज कामोठ्याहून मुलींना घेऊन तिच्याकडे गेले. भात अर्धा शिजला आणि लाइट गेली. गॅस संपलेला, सिलेंडरची गाडी गावात कधी येईल त्याचा पत्ता नाही.

"आई, थांबूया ना थोडं."

"लाइट कवा येल त कोनाला ठाव? पोरींना भूक लागली हाय," म्हणत तिने चूल पेटवली. लगेच खोकल्याची उबळ आली. मी तिला अंगणात नेऊन बसवलं आणि स्वतः चूल फुंकत बसले.

मुली पोटभर जेवल्या. आई हळूच म्हणाली, "आज तू हायस. उद्या कोन फुंकल?"

मी मुलींना घेऊन कामोठ्याला परतले. जादा सिलेंडर मिळत नाही, इन्व्हर्टरवर शेगडी चालत नाही म्हणतात, आणि ती गाव सोडत नाही.

तुमच्या गावी काय करता? खरंच सांगा. आज संध्याकाळी तिने कशावर रांधलं, हे फोन करून विचारायचा धीर होत नाहीये.