चीकमावशीचं बोट

गोठ्यात तिला सगळे चीकमावशी म्हणत. गाय व्यायली की चिकाचा पहिला थेंब मावशीच्या बोटावर यायचा. दोन बोटांत चोळून ती सांगायची, "दाट आहे, पाजा," नाहीतर "नुसतं पाणी आहे, दुसरीचा आणा." वीस वर्षं तिचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता.

आज मात्र तिनं चिकाला बोट लावलं नव्हतं.

तांबडी ही संकरित गाय सकाळी सातला व्यायली होती. डॉक्टर नवं यंत्र घेऊन येईस्तोवर वासराला काही पाजायचं नाही, असं ठरलं होतं. ते आले दहाला. चीक पिवळाधमक होता. डॉक्टरांनी यंत्राच्या काचेवर थेंब टाकला आणि नळी डोळ्याला लावली.

"दाटपणा चौदाच? बावीस तरी हवा." काच पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. "मावशी, माझं यंत्रच नवशिकं दिसतंय. तुमचं बोट काय म्हणतं?"

"रंग तर झकास आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "मावशी म्हणेल ते खरं."

मावशी वाकून तांबडीच्या कालवडीचं अंग चोळू लागली. परवा तांबडीची कास दगडासारखी तटतटली होती. गाय पाय झाडत होती. दया येऊन मावशीनं कुणाला न सांगता अर्धी बादली चीक पिळून ओतून दिला. कालही तेवढाच. वासराला रोगाशी लढायला लागते ती ताकद गटारात गेली होती; उरला होता नुसता रंग.

गेल्या वर्षी एका वासराला हगवण लागली. चौथ्या दिवशी त्याचे कान तिच्या हातात गार पडले. त्याच्या आईची कासही तिनं अशीच हलकी केली होती. तेव्हा तिनं नशिबाला बोल लावला होता.

कालवडीनं तिचं बोट तोंडात धरलं आणि चुटूचुटू चोखू लागली.

"डॉक्टर, यंत्र खरं बोलतंय." मावशी म्हणाली. "मी व्यायच्या आधीच पिळली तिला. दोनदा."



"फ्रीझरमधली म्हाताऱ्या काळ्या गायीच्या चिकाची बाटली काढा!" डॉक्टर ओरडले. "जितका उशीर तितकी चिकातली ताकद आतडं कमी शोषतं!"

मावशीनं धावत बाटली आणली, किटलीतलं उकळतं पाणी उचललं.

"अहो, कढत नको! शिजवताय का? कोमट घ्या, कोमट!"

कोमट पाण्यात बर्फ सुटता सुटेना. मावशी बाटली फिरवत होती आणि घड्याळ पुढे सरकत होतं. साडेअकराला पहिला घोट उतरला.

"वाचेल ना हो?" मावशीनं विचारलं.

"पोटात तर गेलं. रक्तात किती उतरलं, ते परवा तपासू."

परवा! मावशी कालवडीशेजारी फतकल मारून बसली आणि तिचे कान चाचपू लागली. गरम होते. जरा वेळानं पुन्हा चाचपले.