चार दिवसांचा गुरू आणि पितळी डवरा

कुंभकोणमच्या शाळेत बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वरदराजराव मास्तरांनी घरातला एकही निर्णय स्वतः घेतला नव्हता. ही गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती; गल्लीला ती ठाऊक आहे, एवढंच मास्तरांना ठाऊक नव्हतं. बैठकीत पाहुण्यांशी बोलायचे मास्तर, आणि पडद्याआड स्वयंपाकघरात कॉफी करायच्या त्यांच्या पत्नी कृष्णवेणीबाई. कॉफी वरखाली करायचा पितळी डवरा ओट्यावर एकदा वाजला की मास्तरांनी नकार द्यायचा, दोनदा वाजला की होकार. चोवीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

१९९५ च्या ऑक्टोबरात मास्तरांनी पेपरात एक बातमी वाचली आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. पन्नास प्रकाशवर्षं दूर, एका साध्यासुध्या ताऱ्याभोवती गुरूसारखा अगडबंब ग्रह सापडला होता. आपल्या गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षं लागतात. हा पठ्ठ्या चार दिवसांत फेरी उरकत होता. मास्तरांनी हे न्हाव्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. नऊ ग्रहांची नऊ देवळं आसपास असलेल्या गावात त्याचं कुणाला काय कौतुक असणार? पानवाल्याने एवढंच विचारलं, की दहाव्याचं देऊळ कुठल्या गावात, आणि तिकडची बस किती वाजता.

त्याच महिन्यात मास्तरांच्या मुलीला, भवानीला, तंजावरचं स्थळ आलं. स्थळ चांगलं होतं, आणि तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी मंडळींत अशी स्थळं बोटांवर मोजण्याइतकीच उरलेली. पण एक अट होती. भवानीची रास मीन. डिसेंबरात गुरू रास बदलणार, म्हणजे तिचं गुरुबळ जाणार. तेव्हा लग्न नोव्हेंबरातच हवं. मुलगा नोकरीला दुर्गापूरला. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष अर्धं टाकून भवानीने जायचं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ती बापाजवळ आली. "नाना, हे येक वेळ तुम्हींच सांगा. परीक्षा होईस्तोंवर लग्न होणा, मागून करा."

मास्तरांनी शब्द दिला. दिला आणि लगेच स्वयंपाकघराकडे पाहिलं.

दुपारी पाहुणे आले. मुलाचे वडील गोपालकृष्णराव रेल्वेत इंजिनिअर होते. माणूस बारीक नजरेचा. शेजारी त्यांच्या पत्नी वेंकटलक्ष्मीबाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. भवानी आली, नमस्कार करून आत गेली. गोपालकृष्णरावांनी सरळ नोव्हेंबरची गोष्ट काढली.

"नोव्हेंबर काय, बरेंच," मास्तर म्हणाले.

आत डवरा एकदा वाजला.

"म्हणजे बरें, पण घाई होते," मास्तर म्हणाले. मग विषय टाळायला ते आपल्या नव्या ग्रहाकडे वळले आणि मनापासून खुलले. "तो ग्रह कोणीं पाहिलाच नाहीं. तारा हालतो, येवढेंच दिसतें. पुढें येतो, मागें जातो, चार चार दिवसांनीं. त्यावरून समजलें, जवळ कोणी तरी मोठें आहे आणि ह्याला ओढतें."

"कळलें. मग नोव्हेंबरच ना?"

"हो हो."

डवरा वाजला.

"म्हणजे, पाहूं."

असं आणखी दोनदा झालं. गोपालकृष्णरावांनी कॉफीचा घोट घेतला आणि पडद्याकडे बोट केलं. "मास्तर, तुमचा ग्रह मला सांपडला. डवरा वाजतो, तुम्हीं हालता."

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांना खरोखरच लाज वाटली, आणि सकाळचा शब्द आठवला. ते उठले, खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ करून बसले.

"डवरा राहूं द्या," ते म्हणाले. "मी सांगतों. भवानीची परीक्षा एप्रिलांत. तोंवर लग्न होणा. वर्षानें गुरू मकरेंत येतो, तिचें गुरुबळ परत येतें. थांबत असाल तर आनंद. नसाल तर माझी पोर शिकून घरीं बसेल."

आतून काही वाजलं नाही. गोपालकृष्णराव उत्तर द्यायला तोंड उघडतात तोच शेजारी किल्ल्या खुळखुळल्या, आणि त्यांनी तोंड मिटलं.

"मकरेचा गुरू आम्हांला चालतो," वेंकटलक्ष्मीबाई म्हणाल्या. "पोर परीक्षा देऊं दे."

पाहुणे गेल्यावर मास्तर छाती काढून स्वयंपाकघरात शिरले. कृष्णवेणीबाई कोपऱ्यात पाटावर बसल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत भज्यांच्या पिठात.

"तुझ्या मनासारखें झालें," मास्तर म्हणाले. "किती वेळां वाजवलास डवरा."

"माझे हात पाहा, दुपारभर पिठांत. मी कशानें वाजवूं? माझ्या मनांत नोव्हेंबरच होता."

मास्तरांनी वळून पाहिलं. ओट्याजवळ भवानी उभी होती, डवरा पदराआड धरून. बावीस वर्षं शिकवलेल्या शास्त्राने भलताच ग्रह दाखवला होता.

"मग तूं गप्प कां राहिलीस?" त्यांनी बायकोला विचारलं.

कृष्णवेणीबाई पिठाच्या हातांनीच उठल्या. "तुमचें बोलणें ऐकत होतें," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्षांत पहिल्यानें ऐकूं आलें."