रक्तवाल्या ताईंची सायकल

"इकडे बघू नका. बाहेर बघा, आणि काय दिसतंय ते मला सांगा."

सुई टोचण्याआधी ताई प्रत्येकाला हे सांगायच्या. माणूस खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "माड... विहीर... शेजाऱ्यांची गोधडी वाळत घातल्येय..." गोधडीपर्यंत येईतो नळी भरलेली असायची. एका आजोबांनी एकदा सांगितलं, "मला मोतीबिंदू आहे, काही दिसत नाही." ताई म्हणाल्या, "मग ऐकू काय येतंय ते सांगा." आजोबा ऐकत बसले आणि टोचल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही.

रत्नागिरीत तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पन्नाशीला आलेल्या, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. सायकलच्या मागे पट्ट्याने बांधलेला पांढरा डबा. लोक त्यांना 'रक्तवाल्या ताई' म्हणत. खरं नाव मुद्दामच लिहीत नाही.

मारुती मंदिराजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये आम्ही दोघं काम करायचो. त्या सकाळी घरोघर जाऊन रक्त घेऊन यायच्या, मी ते तपासायचो. लॅब वर आणि पेशंट बहुतेक खाली, मांडवी, झाडगाव, परटवणे. त्यामुळे जाताना रिकामा डबा घेऊन उतार आणि येताना भरलेला डबा घेऊन चढ. रक्त दहाच्या आत पोचायला हवं. पहिली काही वर्षं त्यांनी हे सगळं चालत आणि रिक्षाने केलं. पगारातला बराच भाग रिक्षालाच जायचा.

त्यांचं माहेर केळशीचं. नवरा मुंबईला. "आधी शिमग्याला आणि गणपतीला यायचे," असं त्या सांगायच्या, "मग नुसते गणपतीला यायला लागले. आता गणपती एकटेच येतात." हे सांगून त्या स्वतःच हसायच्या. समोरच्याने हसावं की नाही हे त्याला कळायचं नाही.

सायकल त्यांना एका पेशंटच्या घरी मिळाली. त्या पेशंटचा मुलगा पुण्याला गेला होता आणि त्याची एकवीस गिअरची सायकल पडवीत गंजत पडली होती. ताईंनी ती अगदी थोडक्यात विकत घेतली. आठवडाभरात कळलं की समुद्राच्या खाऱ्या हवेने आतून तिचा निकाल लावला आहे.

"एकवीस गिअर आहेत," त्या म्हणाल्या, "त्यातला एक चालतो, आणि कुठला ते तिचं तीच ठरवते. आज परत माळनाक्याला चेन टाकलीन मेलीने."

मग एका सकाळी त्या लॅबमध्ये आल्या त्या लंगडत. जयस्तंभाकडून वर येताना चढावर जोर लावला आणि गिअर घसरला. त्या रस्त्यावर पडल्या. साडी गुडघ्यावर फाटली होती आणि रक्त पायावरून चपलेत उतरलं होतं. मी कापूस घेऊन धावलो तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

"आधी नळ्या बघ. मग माझा गुडघा."

पडताना त्यांनी डबा पोटाशी धरला होता. एकही नळी फुटली नव्हती.

सायकलवाल्याने नवीन गिअर बसवायचा जो आकडा सांगितला त्यात तशी दुसरी सायकल आली असती. त्या परत आल्या आणि मला म्हणाल्या, "मी सगळे गिअर काढून टाकणार. साध्या काळ्या सायकलीला कुठे असतात?"

त्यांनी मोबाइलवर बघून बघून सगळं पाठ केलं. सुट्टीच्या दिवशी लॅबच्या मागच्या पडवीत वर्तमानपत्रं पसरली, सायकल उलटी केली आणि पाना हातात घेतला. मी पक्कड द्यायला आणि चाक धरायला. आधी गिअरच्या वायरी कापल्या. मग मागच्या चाकाशी लोंबणारा गिअर बदलायचा सांगाडा निघाला. गंजलेल्या बोल्टवर त्यांनी खोबरेल तेल सोडलं, अर्धा तास थांबल्या आणि मग अंगातली सगळी ताकद लावली. पुढच्या तीन चकत्यांपैकी मधली ठेवली. मागच्या सात चकत्यांचा अख्खा गठ्ठा सायकलवाल्याकडे नेऊन काढून घेतला आणि त्या जागी साध्या सायकलीचा एक चकतीचा फ्रीव्हील आणला.

सायकलवाला म्हणाला होता, "ताई, गिअर काढून सायकलीची किंमत घालवताय."

"मी त्याला सांगितलं," ताई म्हणाल्या, "किंमत विकणाऱ्याला. मला ती चालवायची आहे. त्याने मला वेड्यात काढलंन."

खरी अडचण पुढेच होती. पुढची चकती आणि मागची चकती एका रेषेत येईनात. चेन तिरकी धावायची आणि कटकट आवाज करून उडायची. मी दोन वेळा म्हटलं की राहू दे आता, दुकानातच देऊ. त्यांनी सुईदोऱ्याच्या डबीतून दोरा काढला, पुढच्या चकतीपासून मागपर्यंत ताणून धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं. "बोटभर फरक आहे." मग चाकाच्या आसावरचे वॉशर एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूला घातले. परत दोरा. परत वॉशर. चेन सैल पडू नये म्हणून चाक खाचेत मागे ओढून धरायचं होतं, त्यासाठी त्यांनी रक्त घेताना दंडाला बांधायचा रबरी पट्टा वापरला. संध्याकाळी उन्हं उतरता उतरता त्यांनी पॅडल फिरवलं. चेन आवाज न करता फिरत राहिली. ताई नुसत्या बघत राहिल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि कपाळावर ग्रीसची रेघ होती. त्यांना इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही पाहिलं नाही.

त्या सायकलवर त्या दोन वर्षं फिरल्या. माळनाक्याच्या चढाचा शेवटचा तुकडा त्यांना जमायचा नाही. "जिथे उतरावं लागतं तिथे उतरायचं," त्या म्हणायच्या. "पाय दिलेत ना देवाने?" मग त्या उतरून सायकल ढकलत यायच्या. दहाच्या ठोक्याला डबा माझ्या टेबलावर. नळीवर पेशंटचं नाव आणि रक्त घेतल्याची वेळ, टपोऱ्या अक्षरात.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढचं आहे. आतापर्यंतचं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. पुढचं कुणालाच नाही.

झाडगावला एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचं रक्त दर महिन्याला यायचं. एका सकाळी त्यांची नळी नेहमीप्रमाणे दहाला आली. आलेलं रक्त लगेच मशीनमध्ये फिरवून वरचं पाणी वेगळं करायचं असतं. तसं न करता ते फ्रीजमध्ये ठेवलं तर त्यातलं पोटॅशियम वाढलेलं दिसतं. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. पण त्या दिवशी माझ्या मेव्हणीचा साखरपुडा होता, बायकोचे सारखे फोन येत होते. तासाभरात येऊ, आल्यावर फिरवू, असा विचार करून मी त्या नळ्या तशाच फ्रीजमध्ये ठेवल्या आणि निघालो. परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते.

त्या नळ्यांत पोटॅशियम फक्त गुरुजींचं बघायचं होतं, आणि ते इतकं जास्त दिसलं की माणूस कुठल्याही क्षणी जाईल. मी आकडा बघितला, मला शंका आली, आणि तरी मी रिपोर्ट दिला. परत रक्त मागवायचं तर का मागवलं ते सांगावं लागलं असतं.

घरच्यांनी गाडी केली आणि गुरुजींना कोल्हापूरला नेलं. घाटात म्हाताऱ्याला उलट्या झाल्या, सून सगळ्या वाटेत रडत होती. तिथे पुन्हा तपासलं तर सगळं ठीक.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा लॅबमध्ये येऊन ओरडून गेला. तो गेल्यावर डॉक्टरांनी मला आणि ताईंना आत बोलावलं. लॅब त्यांची. माणूस तसा वाईट नव्हता, पण घाबरलेला होता.

"हे झालं कसं?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "ती सायकल. खड्ड्यांतून हादरे बसून रक्त फुटलं असणार, पेशी फुटल्या की पोटॅशियम वाढलेलं दिसतंच. काय रे?"

ते माझ्याकडे बघत होते. ताईही.

मी म्हटलं, "असू शकतं."

ताईंचा आवाज चढला नाही. "दोन वर्षांत एकदा तरी फुटलं होतं काय रे माझं रक्त?" त्यांनी मला विचारलं. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होतो.

"तुम्हाला काढतोय असं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण आता लोकांना विश्वास वाटला पाहिजे. मी स्कूटरवाला माणूस बघतो. तुम्ही आठवडाभर घरी थांबा."

ताईंनी डबा आणून टेबलावर ठेवला. आतल्या सुया, कापूस, स्पिरिटची बाटली एकदा बघून घेतली, काही राहिलं नाही ना याची खात्री केली आणि त्या गेल्या. आठवड्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही.

गाव लहान. त्यांनी दुसऱ्या दोन लॅबमध्ये विचारलं. दोन्हीकडे बातमी आधीच पोचली होती की ही बाई सायकलवरून रक्त फोडते. मग कळलं की त्या जवळच्या नाचणे गावात एका आजींकडे दिवसभर बसायला जातात, त्यांना भरवायला, पुसायला. मग त्या आजी गेल्या आणि तेही काम संपलं.

महिना दीड महिना मी रोज ठरवत होतो की आज सांगू. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या परटवण्याच्या खोलीवर गेलो. त्या सामान बांधत होत्या. भावाने केळशीला बोलावलं होतं.

"बस," त्या म्हणाल्या. "चहाची भांडी बांधून झाली, नाहीतर केला असता."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साखरपुडा, फ्रीज, चार वाजता परत येणं. त्या चादरीची घडी घालत राहिल्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"त्याच आठवड्यात मी गुरुजींकडे गेले होते. माफी मागायला. त्यांच्या सुनेने रिपोर्ट दाखवलान. तपासल्याची वेळ छापलेली असते ना खाली? मी दहाला दिलेलं रक्त साडेचारला तपासलेलं होतं."

"मग तुम्ही डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी चादर गाठोड्यात ठेवली. "तू सांगशील असं वाटलं मला. आज सांगेल, उद्या सांगेल. त्या पडवीत अख्खा दिवस माझ्याबरोबर चाक धरून बसला होतास, म्हणून वाटलं. मी वाट बघत राहिले रे."

मी म्हटलं, "उद्या सकाळी सांगतो. नक्की सांगतो, ताई. ते तुम्हाला परत बोलावतील."

"आता नको," त्या म्हणाल्या. "आता सांगितलंस तर तुला बरं वाटेल. मला त्याचा काय उपयोग?"

रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, "धर जरा" म्हणाल्या, आणि गाठोड्याला दुसऱ्या टोकाने गाठ मारली. बाहेर टेम्पो आला होता. सायकल त्यांनी स्वतःच वर चढवली. मी पुढे झालो तर म्हणाल्या, "राहू दे, हात काळे होतील तुझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर बघितलं. "काय रे?"

"काही नाही. फ्रीजचं दार नीट लागत नाही, ते सांगायचं होतं."

"बोलाव कुणाला तरी," ते म्हणाले.

मी अजून तिथेच काम करतो. आता स्कूटरवर दोघं जण रक्त आणतात. चांगली माणसं आहेत. परवा सकाळी फोन वाजला तो मीच उचलला. झाडगावचे गुरुजी होते. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला आहे.

"त्या सायकलवाल्या बाईंनाच पाठवा हो," ते म्हणाले. "या नव्या माणसाने तीन ठिकाणी टोचलंन. त्यांचा हात हलका होता."

"त्या गावाला गेल्या, गुरुजी."

"असं? इतक्या चांगल्या होत्या. नोकरी का सोडलीनी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घरचं काहीतरी होतं त्यांचं," मी म्हटलं.