सायकलला नमस्कार

समस्त लालबागकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या अख्ख्या चाळीची इभ्रत एकदा हेल्मेटच्या पट्ट्याला लटकली होती.

माझ्या मुलीची ट्रायथलॉनची निवड चाचणी होती. आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, आणि पुढे येणाऱ्या मुली थेट राज्याच्या संघात. पोहण्यात ती पुढे होती, तरी मला खरी धास्ती सायकलची होती. कारण पाण्यातून आल्यावर हेल्मेटचा पट्टा लावायच्या आधी सायकलला बोट जरी लागलं, तरी मुलगी बाद! आणि आमच्या घरी सासूबाईंची शिस्त अशी, की गाडी कुठलीही असो, तिला हात लावून तो कपाळाला टेकवल्याशिवाय कोणी बसायचं नाही. सरावातही पोरगी यातच चुकत होती.

ती निथळत धावत आली. हेल्मेट डोक्यावर चढलं, पट्टा मात्र तसाच लोंबत राहिला, आणि उजवा हात सवयीने सायकलकडे निघाला. पंचांनी शिट्टी ओठांना लावली. मी दोन्ही हात हलवले, पण मेली बघेल तर शपथ! हात सीटपासून वीतभर अंतरावर आला आणि तिथेच थिजला, कारण माझ्या शेजारून सासूबाई कडाडल्या होत्या,

"हात लावू नको गो! सायकल सोवळ्यात आसा!"