नदीपल्याडचं देऊळ

आमच्या दगडावहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून सरपणासाठी गावामागचा डोंगर चढतात, पण वरून दरी त्यांनी कधी पाहिलीच नाही, हे ऐकून मी चाटच पडलो. वेरूळला येणारी माणसं वाट वाकडी करून आमच्या डोंगरावर येतात आणि कड्यावरच्या पॉइंटवरून खालचं जंगल, नदी बघतात. त्यातल्याच कुणीतरी वहिनींना सांगितलं, नदीपल्याड पांढरं देऊळ दिसतं. वहिनींच्या माहेरी तसंच देऊळ आहे. सत्तरीतल्या बाईनं ध्यासच घेतला, ते आपलंच का, बघायचं.

परवा मी सोबत निघालो. पण वाटेत वाळकी काटकी दिसली की वहिनी वाकायच्या. कड्यावर पोचेपर्यंत डोक्यावर चांगली मोळी झाली. आणि डोक्यावर मोळी असली की मान खाली वळत नाही.

"टाका की खाली," मी म्हटलं.

"परत डोक्यावर कोण देईल?"

"मी काय शोभेला आलोय व्हय?"

मोळी उतरली. वहिनी कडेला बसल्या आणि डोळ्यांवर हात धरून लई वेळ बघत राहिल्या.

"देवळाला लागून चिंच हाय बघा. आमचंच हाय." मग माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, एवढं जवळ होतं, तर माहेरी न्यायला तुमचे भाऊ मला दिवसभर बसनं का फिरवायचे?"

"मधी नदी हाय, वहिनी. बस पोहत नाय."

त्या हसल्या. "तिथून आपण दिसत असू का?"

वहिनींनी मोळीसाठी डोक्यावर ठेवलेल्या चुंबळीचं फडकं सोडलं आणि देवळाकडं हलवून पाहिलं.